डफ तोच, थाप नवी

वाळवा तालुक्याचा नकाशा समोर धरला तर एका अंगाला कृष्णा दिसते, दुसऱ्या अंगाला वारणा आणि मध्ये उसाचे हिरवे पट्टे. बाहेरच्या माणसाला हा तालुका साखर कारखान्यांमुळे आणि राजकारणामुळे ठाऊक असतो. मला मात्र तो नेहमी आवाजाचा तालुका वाटत आला आहे. कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ मध्ये कुलकर्ण्यांच्या घरात श्रीधर नावाचा मुलगा जन्मला आणि घरदार, जात, प्रतिष्ठा सारे मागे ठेवून तमाशाच्या बोर्डावर ‘पठ्ठे बापूराव’ म्हणून उभा राहिला. येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी आपल्या रांगड्या बोलीत सभा गाजवल्या आणि इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवले. आणि महामार्गावरच्या कासेगावपासून थोडे आत असलेल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना पुढे अण्णाभाऊ म्हणून ओळखले.

वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे अण्णाभाऊ साताऱ्याचे की सांगलीचे, हा वाद दोन्ही जिल्ह्यांतली माणसे आवडीने घालतात. मला आज सांगायची आहे ती एकट्या अण्णाभाऊंची गोष्ट नाही. ती ज्या कलापथकाने महाराष्ट्राच्या कानाला नवे वळण लावले त्या ‘लाल बावटा कलापथका’ची गोष्ट आहे. त्याचा जन्म मुंबईत झाला, पण त्याच्या डफाला माती आमच्याकडची होती. या पथकाचा आवाज काही वर्षांत इतक्या वेळा बदलला की, एखाद्याला वाटावे, यांचे स्वतःचे असे काही होते की नाही! माझे म्हणणे नेमके उलटे आहे.

माझी नोकरी बँकेतली. वाळवा, शिराळा, कराड, पाटण अशा तालुक्यांतल्या शाखांमध्ये माझी बरीच वर्षे गेली. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि थोड्याच महिन्यांत आमच्या काउंटरवर एक नवा खातेदार दिसू लागला. अंगात मुंबईचा सदरा, पायात चपला, बोलण्यात लालबाग-परळ आणि खिशात गावच्या तुटपुंज्या जमिनीचा सात-बारा. हा संपकरी गिरणी कामगार होता. त्याच्याच शेजारच्या बाकावर प्रतिसरकारच्या काळातले, तूफान सेनेतले म्हातारे स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी बसलेले असत. या दोघांच्या गप्पा रंगल्या की कॅशियरची गैरसोय व्हायची आणि माझी चंगळ. वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात न सापडणारा एक इतिहास तिथे फुकटात ऐकायला मिळे. त्यातला एक कामगार मला म्हणाला होता, “सायेब, अमर शेख गायला लागला की लांबनंच कळायचं. आदी आवाज यायचा, मग मानूस दिसायचा.”

हा आवाज आला कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

आपल्या तमाशाची एक ठरलेली घडण आहे. आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गवळण; मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. मध्ये बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानक. या घडणीच्या पाठीशी ढोलकी, तुणतुणे, झांज, हलगी ही मोजकी वाद्ये. तुणतुण्याची एक तार गायकाचा सूर धरून ठेवते. ढोलकी लयीला खेळवते. हलगीचे चामडे कार्यक्रमाआधी आगीवर शेकले की ते ताणले जाते आणि त्यातून असा कडक, कोरडा नाद निघतो की वेशीवरच्या माणसाची पावले आपोआप वळतात. पोवाड्यात डफ येतो, आणि शाहिराच्या ओळीचे टोक उचलून धरणारे झीलकरी येतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात हजार माणसांपर्यंत शब्द पोचवण्यासाठी शेकडो वर्षे घासूनपुसून तयार झालेले हे यंत्रच म्हणा ना! यात नाजूकपणाला वाव कमी. सूर चढा आणि शब्द ठसठशीत लागतो. ऐकणाऱ्याला विचार करायला फार वेळ मिळत नाही. आधी अंगावर काटा येतो, अर्थ मागून पोचतो.

तरुणपणी अण्णाभाऊ काही काळ गावाकडे होते, तेव्हा ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात वावरले. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असते. त्यांची खरी शाळा म्हणजे हा फड. हलगीचे शिक्षण त्यांना जन्मानेच मिळाले होते, कारण गावगाड्याने हलगी मांगाच्याच गळ्यात अडकवली होती. लग्न कोणाचेही असो, जत्रा कोणाचीही असो, वाजवणार मांग आणि मंडपाबाहेर उभा राहणारही मांगच. ज्या हातांनी गावाचा आनंद वाजवला त्यांना त्या आनंदात जागा नव्हती, हे विसरून या पथकाचा नाद समजणार नाही.

अण्णाभाऊंच्या आधीही आमच्या भागात तमाशाच्या घडणीला हात घातला गेला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सत्यशोधक मंडळींनी सातारा भागात गावोगाव जलसे केले. घडण तमाशाची, पण गणातली देवाची जागा बदललेली, गवळणीतला कृष्ण बाजूला झालेला आणि बतावणीत पुरोहित व सावकार यांची फिरकी. पुढे १९४३ ते १९४६ या प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी गावे पेटवली. म्हणजे जुन्या चालीत नवा दारूगोळा भरण्याची कला आमच्या मातीला परकी नव्हती. अण्णाभाऊंनी ती पुढे नेली. त्यांनी तिला कारखान्याच्या दारात नेऊन उभे केले.

१९३१ च्या सुमारास साठे कुटुंब पायी मुंबईला गेले. वाटेगावहून मुंबई पायी! आज पुणे-बंगळूर महामार्गावर गाडीत बसून घाटात वाहने तुंबल्याची तक्रार करताना मला हे आठवते. मुंबईत त्यांनी मिळेल ते काम केले, गिरणीतही केले. माटुंग्याच्या लेबर कँपात राहत असताना तिथल्या डासांवर त्यांनी गाणे रचले आणि तेच त्यांचे पहिले गाणे मानले जाते. ही सुरुवात मला फार अर्थपूर्ण वाटते. शाहीर म्हटला की त्याने तानाजी किंवा बाजीप्रभू गावा, अशी आपली समजूत. या माणसाने रात्री झोपू न देणाऱ्या डासापासून सुरुवात केली. समोर बसलेल्या प्रत्येकाला चावलेला विषय त्याने घेतला.

मग आला स्टालिनग्राडचा पोवाडा. व्होल्गाकाठच्या त्या शहरात जर्मन फौजेने फेब्रुवारी १९४३ मध्ये शरणागती पत्करली. तो लढा मुंबईच्या कामगार वस्तीत शिवशाहीच्या पोवाड्याच्या ठेक्यावर गायला गेला. रशियन सैनिक आणि मराठी डफ! कागदावर हे विसंगत वाटते. पण ज्याच्या कानात पिढ्यान्‌पिढ्या गडकोटांचे वेढे बसले आहेत, त्याला वेढलेले शहर आणि हटून लढणारी माणसे समजावून सांगावी लागत नाहीत. त्याला फक्त ठेका द्यावा लागतो.

१९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन खांब. अमर शेख मूळचे बार्शीचे, नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा. त्यांचा आवाज म्हणजे पहाडी. अण्णाभाऊंकडे शब्द होते, नाट्य होते आणि सोंगाड्याची तिरकस नजर होती. गव्हाणकर स्वतः शाहीर आणि कवी. एक मांग, एक मुसलमान आणि त्यांचा हा तिसरा सोबती यांनी मिळून परळच्या मैदानात जे उभे केले, ते पाहायला रात्रपाळी सुटलेली आणि दिवसपाळीला जाणारी, दोन्ही माणसे थांबत.

या पथकाने काय बदलले ते पाहू. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, शिवरायांना आणि श्रम करणाऱ्यांना वंदन आले. गवळण गेली. राजा-राणी, प्रधान-कोतवाल यांचा वग गेला आणि ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘मुंबई कोणाची’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ अशी वगनाट्ये आली. नुसती नावे वाचली तरी विषय कळतो. सोंगाड्या मात्र राहिला. पूर्वी तो राजाच्या दरबारात खुळचटपणाचे सोंग घेऊन खरे बोलायचा, आता तो शेटजीसमोर आणि मंत्र्यासमोर बोलू लागला. ढोलकी राहिली, तुणतुणे राहिले, डफ राहिला. घराचे बांधकाम तेच, भाडेकरू नवे, असा हा प्रकार होता.

दोन लावण्यांची तुलना केली तर हा बदल स्वच्छ दिसतो. पठ्ठे बापूरावांची ‘मुंबईची लावणी’ प्रसिद्ध आहे. गावाकडून आलेला रसिक डोळे विस्फारून ती अजब नगरी पाहतो, तिचे वैभव मोजतो आणि दिपून जातो, असा तिचा नूर. अण्णाभाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. तालुका एकच, छंदाचे घराणे एकच, नगरीही तीच. पण अण्णाभाऊंचा गडी दिपत नाही. तो मलबार हिलकडे पाहतो, मग परळकडे पाहतो आणि या दोहोंमधले अंतर मोजतो. बापूराव मुंबईला पाहुणे म्हणून गेले होते, अण्णाभाऊ मजूर म्हणून. पाहुण्याला दिवाणखाना दिसतो, मजुराला मोरी दिसते. दोघेही खरेच सांगत होते, आणि बापूरावांना मी कमी लेखत नाही. शृंगाराच्या लावणीत त्यांचा हात धरणारा झाला नाही. पण ऐकणारा बदलला होता. बापूरावांचा श्रोता तिकीट काढून कनातीत येणारा होता. अण्णाभाऊंचा श्रोता गिरणीच्या दारात उभा होता आणि भोंगा व्हायला थोडाच वेळ राहिला होता.

स्वातंत्र्य आले आणि या पथकावर संकटही आले. १९४७-४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेच्या अटी आल्या, संहिता तपासून परवाने देणे आले. १९४८ नंतर कम्युनिस्टांवर सरकारची खप्पा मर्जी झाली. धरपकड झाली आणि लाल बावट्याचे कार्यक्रमही बंदीच्या फेऱ्यात सापडले. आता गंमत पाहा. ज्या पथकाने तमाशातली शृंगारिक गवळण स्वतःहून काढून टाकली होती, त्याच्यावर अश्लीलतेचा आरोप करता येणे कठीण होते. पण तमाशा म्हटले की सगळे एकाच गोणीत! तेव्हा अण्णाभाऊंनी या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ म्हटले. हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तमाशा कलावंताने बंदीतून काढलेली ती पळवाट होती, आणि तिचा पुढे राजमार्ग झाला.

त्या राजमार्गावरून कोण कोण गेले! राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ केले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. सुशिक्षित, पांढरपेशा कुटुंबे बायकामुलांसह लोकनाट्य पाहू लागली. ही चांगलीच गोष्ट झाली. त्या लोकनाट्यांना मीही पोटभर हसलो आहे. पण ज्यांनी हा रस्ता खणला त्यांना त्या रस्त्यावर टोल काही मिळाला नाही.

माझ्या भाचीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. तो अमेरिकेतल्या ‘हार्डकोअर’ म्हणवणाऱ्या बँडची गाणी ऐकतो. गाणी म्हणजे काय, भिंत कोसळल्यासारखा आवाज आणि त्यातून कोणीतरी घसा फाटेस्तोवर ओरडते आहे! पण पोराने मला नीट बसवून समजावले. १९८० च्या आसपास तिथल्या तरुणांनी मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत संगीताला कंटाळून हा प्रकार काढला. गाणी एक-दोन मिनिटांची, वेग भन्नाट, कार्यक्रम गॅरेजात नाही तर तळघरात, आणि गाणारा व ऐकणारा यांच्यात फारसे अंतर नाही. त्यातला कॅलिफोर्नियातला ‘ब्लॅक फ्लॅग’ हा नामांकित बँड. १९८४ मध्ये त्यांनी ‘माय वॉर’ नावाची तबकडी काढली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला अचानक संथ, जड, लांबलचक गाणी भरली. वेगावर जीव टाकणारे निष्ठावंत श्रोते बिथरले. पुढच्या काळात मात्र त्याच संथ बाजूवरून कितीतरी नव्या बँडनी धडे घेतले. “आजोबा, बँडने आवाज बदलला की लोक म्हणतात, विकले गेले,” पोरगा म्हणाला. “मग खरे विकले गेलेले आणि खरे बदललेले ओळखायचे कसे?”

प्रश्न लाखमोलाचा होता. मी त्याला संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली एक छक्कड सांगितली.

लाल बावटा पथक तोवर पूर्वीसारखे एकसंध राहिले नव्हते. अमर शेखांनी स्वतःचे कलापथक काढले होते. अण्णाभाऊ लिहीत होते. १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, १९५६ च्या जानेवारीत मुंबई पेटली, शंभरावर माणसे हुतात्मा झाली. या लढ्यात जुने सोबती पुन्हा एका आवाजात बोलू लागले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड त्या दिवसांतली. तिची सुरुवात ऐकताना वाटते, ही तर चक्क लावणी! पोटासाठी मुंबईला आलेला एक गडी गावी राहिलेल्या बायकोचे रूप आठवतो आहे. तो कसा निघाला, ती कशी समजूत घालत होती, गरिबीने दोघांना कसे तोडले, हे सारे येते. ऐकणारा कामगार आपापल्या घरी पोचतो. कोणी पाटणला, कोणी शिराळ्याला. त्याच्या डोळ्यांत पाणी येते न येते तोच शाहीर अलगद वळण घेतो. विरह नुसता या गड्याचा नाही, महाराष्ट्राचाही आहे. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हीसुद्धा पलीकडे राहिलेली मैनाच आहे.

ज्या शृंगाराला अण्णाभाऊंनी दहा वर्षांपूर्वी दारातून बाहेर काढले होते, त्याला त्यांनी या छक्कडीत खिडकीतून आत घेतले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्या काळात आवाज कडक हवा होता, कारण माणसे एकत्र यायची होती. आता माणसे एकत्र आली होती आणि प्रत्येकाला आपले एकट्याचे दुःख होते. म्हणून आवाज मऊ झाला. आमच्या काउंटरवरचे संपकरी या छक्कडीबद्दल बोलायचे तेव्हा त्यांना बेळगाव आधी आठवत नसे, बायको आठवे. राजकारण त्यांच्यापर्यंत बायकोच्या हाताला धरून आले होते. मी त्या पोराला म्हणालो, “बाळ, बदल कोणासाठी केला ते बघ. समोर बसलेल्या माणसाच्या आणखी जवळ जाण्यासाठी केला असेल तर तो विकला गेला नाही. त्याच्याकडे पाठ फिरवून दुसऱ्याच्या दिवाणखान्यात जाण्यासाठी केला असेल, तर मग विचारावे लागेल.”

अर्थात या बदलांची किंमतही होती आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. गवळण गेली तेव्हा तिच्याबरोबर तमाशातल्या व्यावसायिक स्त्रीची जागाही आकसली. जी बाई नाचून-गाऊन अख्ख्या फडाचे पोट भरत होती, तिच्यासाठी सुधारलेल्या रचनेत ठोस काम उरले नाही. ती जुन्याच फडात राहिली, तंबूत, बैलगाडीत, पुढे ट्रकमध्ये. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारख्यांनी ‘जहरी प्याला’सारखे वग गाजवत तो जुना फड हिमतीने चालता ठेवला. पण पुढे पुढे एकूणच तंबूच्या तमाशाला सिनेमाच्या गाण्यांचा आणि विजेच्या वाद्यांचा आसरा घ्यावा लागला. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. रात्री शंभर माणसांचे जेवण शिजवायचे असते तेव्हा तत्त्व चुलीला लावता येत नाही.

अण्णाभाऊंना त्या स्त्रीचा विसर पडला नव्हता, असे मला वाटते. त्यांनी ‘वैजयंता’ ही तमाशा कलावतीची कादंबरी लिहिली आणि तिच्यावरचा चित्रपट १९६१ मध्ये आला. बोर्डावर तिला जी जागा देता आली नाही ती त्यांनी पुस्तकात दिली. या पथकाच्या आवाजातला शेवटचा मोठा बदल हाच. गाणे कागदावर उतरले. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. तिला प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, जे जन्माने सांगलीचे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. स्वतः कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून मी ‘फकिरा’ पुन्हा पुन्हा वाचतो, तेव्हा तिच्या गद्यात मला पोवाड्याची चाल ऐकू येते. वाक्ये आखूड, क्रियापदे धावती, प्रसंग थेट मैदानात. आमच्यासारखे लेखक खोलीत बसून मनात बोलतात. अण्णाभाऊ कागदावरही समोर हजार माणसे बसली आहेत असेच धरून चालतात.

आणि हिशेब? बँकेतला माणूस हिशेबाकडे वळणारच. १९८५ मध्ये राज्य शासनाने मातंग समाजासाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ स्थापन केले. त्याच्या बीज भांडवलाच्या कर्जप्रकरणांवर त्यांचे नाव माझ्या टेबलावर नेहमी येई. त्यात काही अर्ज बँडपथकाच्या साहित्यासाठी असत. ट्रम्पेट, साइड ड्रम, गणवेश. हयातीत ज्याला पुस्तकांचे धड पैसे मिळाले नाहीत आणि जो मुंबईत हलाखीत गेला, त्याच्या नावावर आता वाजंत्र्यांना कर्ज मिळत होते. त्यात अडचण एकच. आमच्या छापील अर्जात ‘तारण’ असा रकाना होता आणि ज्याची सारी मिळकत म्हणजे हाताची बोटे, त्याने तिथे काय लिहायचे? कलेचे मूल्यांकन करणारा रकाना मला साऱ्या नोकरीत कुठल्याच अर्जात दिसला नाही.

१९६९ हे वर्ष या गोष्टीतले काळे वर्ष. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. अण्णाभाऊंनंतर बरोबर सहा आठवड्यांनी. संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज एका पावसाळ्यात थांबले. एकाच फडातले दोन गडी इतक्या लागोपाठ गेले की, जणू एकाने ओळ टाकली आणि दुसऱ्याने झील धरली.

मान नंतर आले. २००२ मध्ये टपाल खात्याने अण्णाभाऊंचे तिकीट काढले, चार रुपयांचे. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ज्या रशियाचा पोवाडा माटुंग्याच्या वस्तीत गायला गेला, जिथे ते स्वतः १९६१ मध्ये जाऊन आले, तिथेच. वाटेगावात स्मारक आहे आणि दरवर्षी १ ऑगस्टला दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव मिरवणुका निघतात.

या मिरवणुकांत अलीकडे डीजेच्या भिंती असतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारी माणसे कानात बोळे घालतात आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तक्रारींचा पाऊस पडतो. माझी तक्रार मात्र थोडी वेगळी आहे. आवाज मोठा आहे म्हणून मी नाराज नाही. लाल बावट्याचा आवाजही लहान नव्हता. तो लहान असता तर मंत्र्यांना बंदी घालावी लागली नसती. यंत्रे आली म्हणूनही मी हळहळत नाही. हाताशी असेल ते वाद्य घेऊन समोरच्या माणसाला हाक मारावी, हेच तर या पथकाने शिकवले. आज अण्णाभाऊ असते तर त्यांनी डीजेही वापरला असता, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी त्यावर आधी डासांचे गाणे लावले असते. उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या मजुराच्या उचलीचे लावले असते. पुण्याच्या कंपनीत सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या आमच्या शिराळ्या-पाटणच्या पोरांचे लावले असते.

ती गाणी अजून लिहायची आहेत. हलग्या गावात आहेत, वाजवणारे हात आहेत, आणि ऐकणारी माणसे तर आहेतच. पुढच्या १ ऑगस्टला मिरवणूक तुमच्या दारावरून जाईल तेव्हा खिडकी लावून घेऊ नका. बाहेर येऊन पुढच्या रांगेतल्या पोराला एवढेच विचारा, “आवाज झकास आहे रे; पण त्यात सांगतोयस काय?”